दीर स्वस्तात माल देतो, तरी ग्रामपंचायतीने घ्यायचा नाही?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. नाव-गाव छापू नका. दीड वर्षापूर्वी मी सरपंच झाले. त्याआधी घर, शेत आणि बचत गट एवढंच माझं जग होतं. माझ्या धाकट्या दिरांचं तालुक्याला इलेक्ट्रिक आणि हार्डवेअरचं दुकान आहे. कुटुंब आमचं एकत्र. गावातले रस्त्यावरचे दिवे बदलायचे होते तेव्हा आमचे मालक म्हणाले, "बाहेरच्याला कशाला? घरचंच दुकान आहे, चार पैसे कमीच लावेल." दर खरंच कमी होता. बिल मंजूर झालं, चेकवर माझी सही आहे. आता पाण्याच्या पाइपलाइनचं काम आलंय आणि मासिक सभेत दुसऱ्या पॅनलच्या सदस्यानं विचारलं, "ते दुकान कुणाचं?" तेव्हापासून घरात असं चाललंय की पुढचं बिल दिरांच्या मित्राच्या फर्मच्या नावानं काढायचं.

दुसरं, सिमेंट रस्त्याच्या ठेकेदारानं दिवाळीला पैठणी आणि चांदीचं नाणं पाठवलं. त्याचं शेवटचं बिल अजून निघायचंय. सासूबाई म्हणतात, दारी आलेली लक्ष्मी परत करू नये. तोच ठेकेदार मंदिराला साउंड सिस्टिम देतो म्हणतोय. आणि ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, टक्का ठरलेला असतो. आपण मागायचा नसतो, तो येतो." मी कुणाकडे एक रुपया मागितलेला नाही. मग माझं चुकतंय कुठे?

— एक सरपंच

उत्तर

सरपंचताई,

पैठणी आणि नाणं आधी घराबाहेर काढा, बाकीचं सावकाश बोलू. ठेकेदाराचं शेवटचं बिल तुमच्या सहीला यायचंय. ते निघालं की त्या पैठणीचा तुम्ही काय अर्थ लावला होता, हे विचारायला कुणी थांबणार नाही.

"मी मागितलं नाही" हे तुम्ही मनापासून लिहिलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. सरपंच हा लोकसेवक आहे. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 2018 मध्ये बदलला, तेव्हापासून त्यात 'गैरवाजवी लाभ' हा शब्द आहे. हा लाभ पैशातच असावा लागत नाही आणि स्वतःसाठीच घेतलेला असावा लागत नाही. कामाच्या बदल्यात तो घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर कलम 7 खाली 3 ते 7 वर्षं कैद आहे. त्याहून तुमच्या पैठणीला नेमकं लागू पडतं ते कलम 11. ज्याचं काम तुमच्यापुढे आहे किंवा येणार आहे, त्याच्याकडून फुकट किंवा नावापुरत्या किमतीला काही घेणं हाच तिथे गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत. मागितलं नव्हतं, दिवाळी होती, सगळ्यांना पाठवलं होतं, या तिन्ही सबबी तिथे लंगड्या पडतात.

परत कशी करायची, तेही सांगते, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. मालकांच्या हाती गुपचूप पाठवू नका. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तीन ओळी लिहा: "आपण माझ्या घरी पाठवलेली साडी व चांदीचे नाणे या पत्रासोबत परत करीत आहे. ग्रामपंचायतीकडे आपले देयक प्रलंबित असल्याने भेट स्वीकारता येत नाही. कृपया यापुढे पाठवू नये." जावक नोंदवहीत नंबर टाका, शिपायाकडून द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तारीख आजचीच टाका. दिवाळीतली टाकाल तर एका चांगल्या कामाला खोट्या कागदाचा डाग लागेल. त्यानं घ्यायला नकार दिला तर ग्रामपंचायतीत पंचांसमोर नोंद करून गटविकास अधिकाऱ्यांना कळवा. आणि सासूबाईंना प्रेमानं एवढंच विचारा: मी सरपंच होण्याआधीच्या दिवाळीत या माणसाकडून आपल्या घरी साधा खण तरी आला होता का? लक्ष्मी सरपंचाच्या खुर्चीकडे आली आहे, आपल्या दारी नाही, हे त्यांनाही कळेल.

याचा अर्थ ठेकेदाराच्या घरचा चहासुद्धा विष, असा नाही. गावात राहायचं तर तो शेजारी असतो, भावकीतला असतो, त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण येतं. जा, जेवा, आपल्या ऐपतीचा आहेर करा आणि आपल्या गाडीनं परत या. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. त्यात सहज झालेलं जेवण किंवा वाटेत मिळालेली लिफ्ट भेट धरलेली नाही, पण कामाचा संबंध असलेल्या माणसाचा थाटाचा किंवा वारंवारचा पाहुणचार टाळायला सांगितलं आहे. ते नियम सरपंचासाठी लिहिलेले नसले तरी तीच रेघ तुम्ही स्वतःपुरती आखून घ्या. त्याच्या गाडीतून शिर्डीला जाऊन येणं त्या रेघेच्या पलीकडचं.

आता दिरांचं दुकान. हा तुमच्या पत्रातला खरा जड भाग आहे आणि इथे मी गोड बोलणार नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14, पोटकलम (1), खंड (ग) काढून वाचा. पंचायतीच्या हुकमानं झालेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. कलम 16 खाली हा निर्णय जिल्हाधिकारी करतात. पुष्कळ सदस्यांचा असा समज असतो की विषय निघाला तेव्हा बाहेर जाऊन उभं राहिलं, मतदान केलं नाही, की झालं. तसं नाही. हितसंबंध असणं हीच अपात्रता आहे. हात वर केला होता की नाही, हा नंतरचा प्रश्न.

नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, हेही खरं. वेगळं राहणारा, वेगळा कमावणारा दीर आणि तुमचं घर, यांत कायदा फरक करतो. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की कुटुंब एकत्र आहे. तेव्हा एका संध्याकाळी कागद घेऊन बसा. दुकानाचा जीएसटी कुणाच्या नावावर आहे? मालक त्यात भागीदार आहेत का? दुकानाच्या कर्जाला जामीन कोण? गाळा कुणाचा, भाडं कुणाला जातं? दुकानाच्या गल्ल्यातून घरचा किराणा, मुलांची फी, शेतीचं खत निघतं का? यातल्या एकाचंही उत्तर तुमच्या चुलीपर्यंत येत असेल, तर "दुकान दिरांचं आहे" हे वाक्य जिल्हाधिकाऱ्यांपुढे टिकेल असं समजू नका.

आणि आता कायदा घटकाभर बाजूला ठेवा. "पण दर कमी होता" या मुद्द्यावर मला तुमच्याशी बोलायचंय, कारण तो तुम्हाला प्रामाणिकपणे बरोबर वाटतोय.

पाइपलाइनचा माल दिरांकडून घेतला, असं धरा. दोन महिन्यांनी मारुतीच्या पारापाशी जॉइंट सुटला, रस्त्यावर पाणी, बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीत. प्लंबर सांगतो, पाइप ठरलेल्या जाडीचा नाही, हलका आहे. आता दुकानदाराला फोन करून "माल परत उचला, नाहीतर बिल अडवते, तरीही ऐकलं नाही तर काळ्या यादीत टाकायचा ठराव घेते" हे कोण म्हणणार? तुम्ही? ज्यांच्यासोबत रात्री एका पंगतीत जेवायचंय, त्यांना? आणि तुम्ही म्हणालातच, तर त्या रात्री घरात काय होईल? परक्या दुकानदाराला हे तुम्ही एका पत्रानं सांगाल आणि विसरून जाल.

सरपंचाच्या सहीची किंमत यातच आहे की तिला "नाही" म्हणता येतं. भेटवस्तूचा नियम असो की नातेवाइकाचा, निविदेचा असो की टक्क्याचा, ते सगळे तुमचं हे "नाही" मोकळं राहावं म्हणून आहेत. पैठणी घेतली की ठेकेदाराला रस्त्याला तडे का गेले हे विचारताना जीभ अडखळते. दिरांचा माल घेतला की तो मोजताना हात अडखळतो. चार पैसे स्वस्त मिळाले, पण माल परत करण्याची ताकद त्या चार पैशांत गेली. शिवाय कमी म्हणजे कुणापेक्षा कमी? दुसरं दरपत्रक मागवलं होतं का? किती वॅटचा दिवा, कोणत्या कंपनीचा, किती वर्षांची हमी, हे लिहून घेतलं होतं का? तुमच्या पत्रात यातलं काही नाही. सभेतही कुणी विचारलं नसणार, कारण सरपंचाच्या दिराला असले प्रश्न विचारायला लोक कचरतात.

झालेल्या बिलाचं काय? ते दडवू नका, त्यातला कागद फाडू नका, मागच्या तारखेनं काही जोडू नका. ग्रामपंचायत कायद्याची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला सगळे कागद दाखवा, आणि शक्यतो तो तुमच्या पॅनलचा नसावा. मग पुढच्या मासिक सभेत स्वतः सांगा की त्या दुकानाशी माझं हे नातं आहे, अमुक बिल त्यांना दिलं गेलं, यापुढे त्यांच्याकडून खरेदी होणार नाही. हे इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा. यानं अपात्रतेचा धोका टळेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पद जाऊ शकतं. पण ज्या सदस्यानं प्रश्न विचारला त्याच्या हातात माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आज तुम्ही उत्तर दिलंत तर ती झालेल्या चुकीची कबुली राहील. त्यानं कागदपत्रं काढून आणली तर लोक लपवाछपवीच म्हणतील, आणि तसं म्हणायला त्यांना जागा असेल.

मित्राच्या फर्मच्या नावानं बिल काढायची कल्पना मात्र आज, आत्ता मोडून काढा. आत्तापर्यंत जे झालं त्याला अजाणतेपण म्हणता येतं. दुसऱ्याच्या नावावर बिल काढलं की ते जाणूनबुजून केलेलं ठरतं. कायद्यातला 'अप्रत्यक्ष' हा शब्द याच वाटेसाठी आहे. वर बनावट कागदाचा गुन्हा आला, मित्राच्या जीएसटीचा घोळ आला, आणि पैसा त्याच्या खात्यातून दिरांच्या खात्यात गेला की बँकेच्या नोंदीत त्याचा मागही राहिला. मालक म्हणतील, सगळेच करतात. त्यांना सांगा, चौकशीची नोटीस माझ्या नावानं येणार आहे, सगळ्यांच्या नाही.

खरेदी कशी करावी यावर थोडंच सांगते, कारण नियम लिहिलेले आहेत. राज्याच्या उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे, आणि ग्रामपंचायतीच्या हिशेबाला 2011 ची लेखासंहिता व तिचे 1 ते 33 नमुने आहेत. भाऊसाहेबांकडून दोन्ही मागवा आणि वाचा. त्यातली एक गोष्ट ध्यानात असू द्या: निविदा टाळण्यासाठी कामाचे किंवा मागणीचे तुकडे पाडता येत नाहीत. एकाच पाइपलाइनचे "वरची आळी", "खालची आळी", "शाळेमागे" असे तीन कागद तुमच्यापुढे आले तर सही करण्याआधी विचारा, हे वेगळे का.

दरपत्रकं मात्र स्वतः हातात घेऊन बघा. तीन लेटरहेड समोर ठेवा. ती एकाच दुकानातून बनवलेली असतील तर तिन्हींवर एकच चूक असते, म्हणजे 'पथदिवे'चं तिन्हीकडे 'पथदीवे' झालेलं असतं. तिन्हींची तारीख एकाच पेनानं, एकाच वळणात घातलेली असते. एकावर मोबाइल नंबर नसतो, दुसऱ्यावरचा लावला की पहिल्याच दुकानदाराचा आवाज येतो. असे कागद फाइलला लागले की तुलनात्मक तक्ता कितीही सुबक काढा, तो नाटकाचाच भाग. त्या नंबरांवर स्वतः फोन करा, "तुम्ही आमच्या गावाला दर दिलाय का?" एवढंच विचारा. गावात लवकरच बातमी पसरेल की सरपंचबाई फोन करतात. तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

मंदिराच्या साउंड सिस्टिमचा प्रश्न नाजूक आहे, कारण तिथे तुमच्या पदरात काही पडत नाही आणि गाव खूश होतं. पण मघाशी म्हटलं तसं, लाभ दुसऱ्या कुणासाठी घेतला तरी तो लाभच. बिल पेंडिंग असताना ठेकेदाराला श्रद्धा आठवली तर त्याला हात जोडून सांगा, तुमचं बिल निघू द्या, रस्त्याच्या दुरुस्तीची तुमच्यावरची मुदत संपू द्या, मग विश्वस्तांकडे जाऊन पावती फाडून काय द्यायचं ते द्या. त्यात ग्रामपंचायतीचा, माझा, माझ्या फोटोच्या फ्लेक्सचा संबंध नको. दान खरं असेल तर ते थांबेल. ते नेमकं बिलाच्या आठवड्यातच द्यायचं असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

भाऊसाहेबांच्या टक्क्याकडे येते. ते तुम्हाला घाबरवत नाहीयेत, सवयीनं बोलताहेत, आणि हीच भीती वाटण्यासारखी गोष्ट आहे. त्यांना एकदाच, दार उघडं ठेवून, दुसरा एखादा सदस्य समोर असताना सांगा: माझ्या नावानं कुणाकडून काही घेऊ नका, आणि कुणी माझ्यासाठी म्हणून देऊ केलं तर मला लेखी कळवा. 'माझ्या नावानं' हे शब्द महत्त्वाचे. प्रामाणिक सरपंचाच्या नावावर मधल्या माणसानं टक्का उकळल्याचं सरपंचाला शेवटी कळतं, ठेकेदाराला पहिल्यापासून माहीत असतं. म्हणून हे ठेकेदारांनाही कळू द्या. मागितला गेला म्हणून नाइलाजानं पैसे दिलेल्या माणसानं 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 खाली त्याच्यावर गुन्हा धरला जात नाही, हे अनेकांना माहीत नसतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लावा. तुम्हालाच कुणी पाकीट पुढे केलं तर तोच नंबर तुमच्यासाठीही आहे, कारण लाच देऊ करणं हाही गुन्हा आहे.

आता डोंगल. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम विचारते: तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, आत्ता कुठे आहे? वित्त आयोगाच्या निधीचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून तुमच्या आणि ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीनं निघतात. तो डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, मालकांच्या खिशात किंवा भाऊसाहेबांच्या बॅगेत असेल आणि पासवर्ड त्याच्यावर चिकटपट्टीनं लावलेला असेल, तर आपण आत्तापर्यंत जे बोललो ते व्यर्थ आहे. पैसे कुणीही काढेल, जबाबदारी तुमची. डोंगल स्वतःकडे घ्या, पासवर्ड बदला, आणि प्रत्येक पेमेंटच्या वेळी मोजमाप पुस्तिकेचं पान, बिल आणि पुरवठादाराचं खातं समोर ठेवून मगच लावा. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत. त्या जागेवर बसलेल्या बाईची सही तिनं स्वतः केली पाहिजे, याबाबत मी कुणाचीही समजूत काढायला तयार नाही, तुमच्या मालकांचीसुद्धा. त्याच ई-ग्रामस्वराजवर कोणत्या पुरवठादाराला किती गेले हे कुणालाही बघता येतं. ग्रामसभेत ते पान स्वतः वाचून दाखवा, म्हणजे कुजबुजीला जागा राहणार नाही.

राहिले दीर. त्यांच्याशी मालकांनी बोलायचं नाही, तुम्ही बोला, आणि आरोप केल्यासारखं नको. त्यांनी माल खराब दिला असं तुमचं म्हणणंच नाही. सांगा की मी सरपंच आहे तोवर आपल्या दुकानातून आपल्या ग्रामपंचायतीला एक बल्बही जाणार नाही, तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून नाही, तर तुमचा माल मला मोजता येणार नाही म्हणून. त्यांना वाईट वाटेल. धंद्याला फटका बसेल, तोही खरा आहे, आणि तुमच्या पदामुळे बसेल. ते मान्य करा, "त्यात काय एवढं" म्हणू नका. गावातल्या लोकांना, शेतकऱ्यांना, बांधकामवाल्यांना त्यांनी खुशाल विकावं. तालुक्यातल्या दुसऱ्या ग्रामपंचायतींच्या निविदाही खुशाल भराव्यात. फक्त तिथल्या सरपंचाला "वहिनींनी सांगितलंय" असा फोन जाता कामा नये. गेल्याचं कानावर आलं, तर त्या सरपंचांना तुम्हीच फोन करा आणि सांगा की माझं नाव मध्ये धरू नका, दर बघा, माल बघा आणि तुमच्या सभेला योग्य वाटेल त्याला काम द्या.